गाडीच्या पोटाखालचे मूळ भाग: काय जपावे, काय बदलावे

या वेळच्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या अंगांनी आला आहे: जुन्या स्पोर्ट्स कारच्या तळाचे मूळ भाग तसेच ठेवायचे की काढून नवे बसवायचे. त्यामुळे चार पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यात वर्णन केलेली अवस्था आपल्याकडे वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या अनेक गाड्यांची असते.

प्रश्न: माझ्या काकांची १९६६ ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची छत नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार) त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे. ती बरीच वर्षे शेडमध्ये विटांवर उभी होती. आता लिफ्टवर चढवल्यावर उजव्या दरवाज्याखालचा पत्रा आणि पायाखालच्या फ्लोअरचा काही भाग कुजलेला दिसला. पाटे बसले आहेत आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळतात. ब्रेकचे पाइप व पेट्रोलची टाकी मूळचीच आहे. गॅरेजवाले म्हणतात, तळाचे सगळे काढा, आधुनिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर व पॉलीयुरेथेनचे बुश (सांध्यांत बसणारी अस्तरे) घाला आणि दरवाज्याखालच्या सिलवर नवा पत्रा चढवा. जुन्या गाड्यांचे जाणकार असलेले एक स्नेही मात्र बजावतात की मूळ भागाला हात लावलात तर गाडीची किंमत गेली. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर: आपल्याला सल्ला देणारे दोघेही गाडीच्या तळाकडे एकच अखंड वस्तू म्हणून पाहत आहेत आणि घोळ तिथेच होतो आहे. तळाच्या प्रत्येक भागाबाबत दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात: तो चालत्या गाडीत निकामी झाला तर काय होईल, आणि तो दुरुस्त होऊन पुन्हा आपले काम करू शकतो का. जो भाग मुळातच झिजण्यासाठी बनवलेला आहे आणि ज्याच्या तुटण्याने जीव जाऊ शकतो, तो केवळ मूळचा आहे म्हणून राखण्यात काही अर्थ नाही. मात्र जो भाग उघडून, आतले बुश आणि सील बदलून पुढची अनेक वर्षे चालू शकतो, तो बाजारात नवा मिळतो एवढ्याच कारणाने भंगारात घालणे हा त्या गाडीवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात सिलपासून करू, कारण आपल्या गाडीचे भवितव्य तिथे ठरणार आहे. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला स्वतंत्र चेसिस होती. तिच्या बॉडीचा पत्रा कुजला तरी खालची चौकट गाडीचा भार पेलत राही. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत ती चेसिस राहिली नाही. तिची जागा फ्लोअर, मधला बोगदा आणि दोन्ही दरवाज्यांखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या तुळया यांनी घेतली. या तुळयांनाच आपण सिल म्हणतो. रोडस्टरला छत नसल्यामुळे गाडी मधोमध वाकू न देण्याचे बरेचसे काम या दोन तुळयांवरच पडते. सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालून बसणारा कॅसल रेल असे त्याचे थर असतात. बाहेरचा पत्रा रंगवून चकचकीत करता येतो आणि आतला पडदा मात्र गंजाचा भुगा होऊन तळाशी साचलेला असू शकतो.

म्हणून काहीही कापण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करा आणि दरवाज्याच्या मागच्या कडेची फट पाहा. वरची आणि खालची फट सारखी आहे का, हे बोट फिरवून कळते. मग जॅकखाली जाड लाकडी ठोकळा ठेवून, जॅक लावण्याच्या मूळ जागेखालून ती बाजू थोडी उचला आणि दरवाजा उघडून बंद करून पाहा. धड असलेल्या गाडीत तो पूर्वीसारखाच बसतो. सिल संपलेली असेल तर फटीचा आकार बदलतो आणि दरवाजा कुलपापाशी घासू लागतो. काही वेळा जॅकच पत्र्यात शिरू लागतो, तेव्हा लगेच थांबावे. त्यानंतर लहान हातोडीने सिलवर टकटक करत पुढून मागे जा. शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे असे समजावे. दोन्ही सीटच्या मागे फ्लोअरखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या पेट्या असतात, त्याही रिकाम्या करून पाहा. वर्षानुवर्षे सांडलेल्या अ‍ॅसिडने तिथला पत्रा अनेकदा खाल्लेला असतो.

गॅरेजवाल्यांनी सुचवलेला 'सिलवर नवा पत्रा चढवण्याचा' उपाय मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नका. कुजलेल्या तुळईवर टोपी चढवली की गंज आत कोंडून राहतो, पाणी साचते आणि ताकद मात्र काडीचीही वाढत नाही. पुढच्या मालकाला किंवा अपघात झाल्यास आपल्यालाच ते भोगावे लागते. योग्य काम वेळखाऊ आहे. सिलची दोन्ही टोके पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत गेलेली असल्यामुळे त्या मडगार्डांचा खालचा भाग कापल्याशिवाय खरे टोक सापडतच नाही. कापण्यापूर्वी दरवाज्याच्या चौकटीत चौकोनी नळीचा आडवा आधार वेल्ड करावा लागतो, गाडीला चाकांजवळ आधार द्यावा लागतो, आणि एक बाजू पूर्ण होऊन थंड झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. ही खबरदारी न घेता दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर गाडी मध्ये खाली बसते आणि तशाच बसलेल्या अवस्थेत नवा पत्रा वेल्ड होतो. त्यानंतर दरवाजे आयुष्यभर नीट लागत नाहीत.

सिलच्या बाबतीत 'मूळ' काय राहिले, हा आपल्या स्नेह्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर असे: कुजलेला पत्रा हा आता पत्राच उरलेला नाही, त्यामुळे तो काढल्याने काही हरवत नाही. हरवते ते शाबूत असलेला पत्रा आळसाने कापल्यामुळे. फ्लोअरचा कोपरा कुजला असेल तर अख्खे फ्लोअर बदलू नका. स्वच्छ, जाड धातू लागेपर्यंतच कापा आणि तेवढाच तुकडा घाला. इंग्लंडमधील विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था कारखान्याच्या मूळ साच्यांवर एमजीबीचे पत्रे काढते; १९८८ पासून तिने एमजीबीची संपूर्ण बॉडीही तशीच उपलब्ध करून दिली. त्या साच्यांतला सिल आणि कॅसल रेल मागवणे महाग पडते, तरीही मी तेच सुचवीन. आपल्याकडचा चांगला फॅब्रिकेटर सरळ पट्टी हुबेहूब वाकवू शकतो, पण या पत्र्यांचे आतले वळ, भोके आणि कडा एकमेकांत नेमके बसावे लागतात. मूळच्या जागी स्पॉट वेल्ड होते तिथे तितक्याच अंतराने स्पॉट किंवा प्लग वेल्ड घ्या. सलग जाड वेल्डचा रस्सा ओढू नका. त्याने पत्रा तापून वाकतो आणि दुरुस्ती लांबूनच ओरडते.

आता शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आपल्या गाडीचे आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हर-आर्म (भुजेवर चालणारे) शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून दुर्बिणीच्या नळीसारखे आधुनिक शॉक लावण्याचा सल्ला आपल्याला बहुतेक सर्वत्र मिळेल. पण पुढच्या बाजूला हा भाग फक्त धक्के शोषत नाही. त्याची भुजा हीच सस्पेन्शनची वरची विशबोन (चाकाला धरून ठेवणारी दुबेळकी भुजा) आहे. तो काढला की सस्पेन्शनचा अर्धा आराखडाच बदलावा लागतो आणि जिथे तो भार कधी येणार नव्हता अशा जागी ब्रॅकेट ठोकावे लागतात. मूळ भाग ओतीव धातूचा, भक्कम आणि दुरुस्त होणारा आहे. त्याच्या आडव्या शाफ्टचे बुश झिजतात आणि सील कडक होतात, म्हणून तेल गळते. तो सोडवून व्हाइसमध्ये धरा आणि भुजा हाताने सावकाश वरखाली करा. विरोध दोन्ही दिशांना दाट आणि सलग जाणवला पाहिजे; मध्येच हात मोकळा सुटत असेल तर आत हवा आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये घाण आहे. पुष्कळदा तेल भरून हवा काढली की तो सुधारतो. मात्र त्यात इंजिन ऑइल ओतू नये. ठरावीक दाटपणाचे शॉकचेच तेल घालावे. शाफ्ट सैल असेल तर चांगला लेथवाला नवे बुश ओढून देऊ शकतो. गाडीचे हे चारही शॉक जरूर जपा.

पाट्यांबाबतही हेच. पुण्यात ट्रकच्या पाट्यांचे काम करणारी दुकाने आहेत आणि त्यांच्याकडे पाटा सोडून, प्रत्येक पट्टी वेगळी करून पुन्हा वाक देण्याचे कसब आहे. अट एवढीच, की पट्टी लाल करून नुसती वाकवणारा नको. वाक दिल्यावर तिला नीट पाणी देऊन टेंपर करणारा हवा, नाहीतर काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो किंवा तडकतो. एखाद्या पट्टीला चीर असेल तर ती एक पट्टी बदला. उजव्या आणि डाव्या पाट्याची उंची गाडीवर चढवण्यापूर्वी जमिनीवर ठेवून मोजा.

बुशांच्या बाबतीत मी रबराच्या बाजूचा आहे. पॉलीयुरेथेन टिकाऊ आहे, पण कडक आहे. रस्त्याचा जो दणका रबर गिळते तो त्याच्यातून थेट साठ वर्षांच्या पत्र्यापर्यंत आणि वेल्डपर्यंत पोहोचतो. अपवाद एकच करता येईल. खालच्या विशबोनसाठी एमजीबी जीटी व्ही८ या छत असलेल्या, आठ सिलिंडरच्या भावंडावर कारखान्यानेच धातूच्या नळीत बसवलेले रबरी बुश वापरले होते. ते आपल्या गाडीला बसतात, अधिक टिकतात आणि त्याच घराण्यातले आहेत. पुढची किंगपिन (जिच्यावर पुढचे चाक वळते ती खुंटी) ठेवा, पण ग्रीस निपलमधून ताजे ग्रीस दुसऱ्या टोकाला बाहेर येईपर्यंत पंप करा. येत नसेल तर आतली वाट बंद आहे आणि ती उघडल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. मागचा बँजो एक्सल (मध्ये गोल फुगवटा असलेला) तेल गाळत असला तरी त्याचे हौसिंग शाबूत असते. सील बदला, एक्सल बदलू नका.

ब्रेकपाशी आल्यावर मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. आपल्या १९६६ च्या गाडीला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच ब्रेक सर्किट आहे. तळाखालून जाणारा एखादाच पोलादी पाइप क्लिपखाली गंजून फुटला तर पुढचे आणि मागचे असे सगळे ब्रेक एकाच क्षणी जातात. हातात उरतो तो फक्त हँडब्रेक. गंज नेमका क्लिपखाली लागतो, जिथे डोळा पोहोचत नाही. हे पाइप आणि सर्व रबरी होज काढून टाका. त्याऐवजी तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूचे पाइप मूळच्याच वळणांनी आणि मूळच्याच क्लिपांतून न्या. निव्वळ तांब्याचा पाइप वळवायला सोपा असला तरी थरथरीने कालांतराने ठिसूळ होतो. तो लावू देऊ नका. जुने पाइप फेकण्याआधी त्यांच्या वळणांचे फोटो मात्र काढून ठेवा.

पेट्रोलची वाहिनीही याच वर्गातली, आणि आपल्याकडे त्याला एक ताजे कारण आहे. आता देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९६० च्या दशकातले रबर त्यासाठी बनलेले नाही. ते फुगते, मऊ होते आणि आतून सोलून पंपात जाते. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचून गंज धरतो. तळाखालचे सर्व लवचिक होज इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरोइलास्टोमर या कृत्रिम रबराच्या अस्तराचे घ्या. एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप दुरुस्त होणारा आहे. त्याचा डायफ्राम नवीन, इथेनॉल सहन करणारा बसवा आणि बाकी पंप ठेवा. टाकी खाली उतरवून तिचा वरचा भाग पाहा. ती बूटच्या (डिकीच्या) फ्लोअरला खालून चिकटून बसते, मधल्या फटीत ओलावा अडकतो आणि टाकी वरूनच सडते. खालून पाहणाऱ्याला ती धडधाकट वाटते. वरचा पत्रा शाबूत असेल तर आतून साफ करून तीच वापरा. चाळण झाली असेल तर नवी आणा. रिकामी वाटणारी पेट्रोलची टाकी वेल्ड करायला कोणालाही देऊ नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

काढलेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, पिशवीत घालून त्यावर कुठल्या बाजूचा आणि कधी काढला हे लिहून ठेवा. पुढच्या मालकाला किंवा परीक्षकाला मूळ क्लिप कशी होती, होजची लांबी किती होती हे कळण्याचा तो एकमेव खरा पुरावा असतो आणि गाडीची किंमत टिकवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याकडे १९८३ ची पोर्शे ९११ एससी आहे. तळाला कारखान्याचे काळे-करडे आवरण आहे, काही ठिकाणी तेलाचे डाग आहेत, सस्पेन्शनच्या भागांचा मुलामा फिका पडला आहे. गंज कुठेही नाही. येथील एका रिस्टोरेशन शॉपने संपूर्ण तळ ब्लास्टिंगने (वाळूसारखे कण जोराने मारून) उघडा करून बॉडीच्या रंगाने रंगवण्याचा आणि सर्व भाग पावडर कोट (पूड रंग तापवून पक्का) करण्याचा प्रस्ताव दिला आहे. क्लबच्या प्रदर्शनात त्याचा फायदा होईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: कृपया करू नका. पुण्याच्या वाचकांच्या एमजीबीला गंजापासून वाचवणारा जस्ताचा थर मिळालाच नव्हता. आपल्या गाडीला तो मिळाला आहे. पोर्शेने १९७६ च्या मॉडेल वर्षापासून ९११ च्या बॉडीसाठी दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेला पत्रा वापरला आणि चाळीस वर्षांनंतर आपल्या तळाला गंज नाही याचे कारण तोच आहे. ब्लास्टिंग रंग आणि जस्त यांत फरक करत नाही. एकदा तो थर उडाला की कोणतेही दुकान तो पुन्हा कारखान्यासारखा चढवू शकत नाही. म्हणजे आपण पैसे देऊन गाडीचे खरे संरक्षण काढून घ्याल आणि बदल्यात वरवरची चमक मिळवाल.

कारखान्याच्या पीव्हीसी आवरणावर हाताने मारलेले फवारे, त्यावर उडालेला बॉडीच्या रंगाचा धूसर शिडकावा, एखाद्या नटावर तपासनीसाने ओढलेली रंगाची रेघ या गोष्टी जाणता परीक्षक आवर्जून शोधतो, कारण त्या पुन्हा खऱ्या करता येत नाहीत. तळ स्वच्छ हवा असेल तर ड्राय आइसची सफाई करून घ्या. उणे ७८ अंश सेल्सिअसचे कार्बन डायऑक्साइडचे कण तेलाच्या थरावर मारले जातात, थर गोठून सुटतो, कण वायू होऊन निघून जातात आणि पाणी किंवा वाळू कुठल्या सांध्यात शिरत नाही. काम करणाऱ्याला दाब कमी ठेवायला सांगा आणि आधी मागच्या कोपऱ्यात एक लहानसा तुकडा करून पाहायला लावा, म्हणजे आवरण सैल झालेले असेल तर तिथेच कळेल. पावडर कोटही टाळा. त्याचा जाड थर ओतीव भागांवरचे क्रमांक बुजवतो आणि धातूला चीर गेली तर ती दिसू देत नाही. फिक्या पडलेल्या नटबोल्टांना पिवळ्या झिंकचा मुलामा पुन्हा चढवून घेता येतो. तेच बोल्ट त्याच जागी परत बसवा.

मात्र आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही अशा दोन जागा मी तातडीने तपासून घेईन. पहिली म्हणजे इंजिनजवळचे पेट्रोलचे रबरी होज. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाच्या उष्णतेत ते कडक होऊन तडकतात आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो; मूळ होज आहेत हे अशा वेळी काळजीचेच लक्षण आहे. दुसरी जागा हीट एक्स्चेंजरची. ९११ मध्ये आतल्या हीटरसाठीची हवा एक्झॉस्टच्या नळ्यांवरून फिरून येते. मूळ हीट एक्स्चेंजर बाहेरून धड दिसत असला आणि आतली नळी छिद्राळलेली असली तर जळलेला वायू, त्यातला कार्बन मोनॉक्साइडही, थेट केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तिथे मूळपणाचा आग्रह धरणे धोक्याचे आहे. छिद्र निघाले तर हीट एक्स्चेंजर बदला आणि जुने काढलेले गॅरेजच्या फळीवर ठेवून द्या.

प्रश्न: कोकण किनाऱ्यावर गाडी असल्यामुळे आमचे मेकॅनिक दर पावसाळ्यापूर्वी तळाला डांबरी अंडरकोटिंग मारायला सांगतात. जुन्या ओपन स्पोर्ट्स कारला ते योग्य आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: गंजलेल्या किंवा धुळीच्या पत्र्यावर मारलेले डांबर पुढच्या उन्हाळ्यात तडकते, त्या चिरेतून खारट ओल आत जाते आणि बाहेर येत नाही. त्यामुळे पत्रा आवरणाखालून कुजत राहतो आणि वरून काळाभोर, निरोगी दिसतो. दरवर्षी नवा थर चढवल्याने हे फक्त अधिक झाकले जाते. त्याऐवजी पावसाळा संपल्यावर तळ गोड्या पाण्याने धुऊन काढा. सिल आणि दरवाज्यांच्या तळाची पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी करा. तळ पूर्ण सुकल्यावर पोकळ्यांत लवचिक नळीच्या फवाऱ्याने पारदर्शक मेणयुक्त द्रव सोडा. मेण पत्र्याच्या दुमडींत झिरपते आणि पारदर्शक असल्यामुळे पुढच्या वर्षी गंज लपत नाही. गाडी ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका. खालून वारा खेळता राहिला पाहिजे. जुने डांबर आधीच असेल तर ते गरम हवेच्या गनने मऊ करून पट्टीने खरवडा, ज्वाला वापरू नका, कारण त्याच पत्र्याच्या पलीकडे गालिचा आणि पेट्रोलचा पाइप असतो.

प्रश्न: माझ्या १९५२ च्या एमजी टीडीच्या चेसिसला मागच्या बाजूला चीर आढळली आहे. एकजण दुसऱ्या टीडीची धड चेसिस देऊ करतो आहे. बदलून टाकू का? व्हिंटेज नोंदणीवर त्याचा परिणाम होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: टीडीचे प्रकरण एमजीबीच्या उलट आहे. तिची बॉडी म्हणजे अ‍ॅशच्या लाकडी सांगाड्यावर चढवलेला पत्रा. गाडीची ओळख आणि ताकद दोन्ही पेटीच्या आकाराच्या त्या चेसिसमध्ये आहेत. ती बदलली तर रस्त्यावर जे चालेल ती कागदोपत्री दुसरीच गाडी ठरू शकते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नोंदणीचे वेगळे नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने वाहन त्यात येते, पण ते मूळ स्वरूपात हवे आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मूळ उत्पादकाच्या रचनेपेक्षा वेगळा बदल करणारी मोठी दुरुस्ती त्यावर झालेली नसावी, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची; नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. या अटीचा माझ्या समजुतीने अर्थ असा की मूळ रचनेप्रमाणे केलेली दुरुस्ती चालेल, पण वेगळ्या क्रमांकाची चेसिस खाली घालणे हा धोका आहे. तिच्यावरचा क्रमांक घासून जुना क्रमांक कोरण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका; तो गुन्हा आहे.

चीर बहुतेक दुरुस्त होण्यासारखी असेल. रंग काढून डाय-पेनेट्रंटने (चिरेत झिरपून ती दाखवणाऱ्या रंगाने) ती नेमकी कुठे संपते ते पाहा, टोकाला लहान भोक पाडा म्हणजे ती पुढे धावणार नाही, मग चिरेत व्ही आकाराची खाच घेऊन वेल्ड भरा. आतल्या बाजूने आधाराची पट्टी द्यायची असल्यास तिची टोके निमुळती ठेवा; चौकोनी पट्टीची उभी कड जिथे संपते तिथेच पुढची चीर जन्माला येते. वेल्डिंगपूर्वी चेसिस सरळ आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून पाहा. चीर का आली, हेही शोधा: पाट्याचा शॅकल (त्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) अडकलेला असेल किंवा शॉक निकामी असेल तर दुरुस्त केलेली जागाही टिकणार नाही. कामाच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो, चेसिसवरच्या क्रमांकाच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रासह, बिलाबरोबर आरसी पुस्तकाच्या फाइलमध्ये लावा आणि आरटीओत अर्ज करताना ती फाइल सोबत न्या.